खातेदाराने डोळे मिचकावावेत

आपण कोण आहोत हे आपल्याला ठाऊक असणं, याला पुरावा म्हणत नाहीत. हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं. उशिरा का होईना कळलं, याबद्दल मी कंपनीचा आभारी आहे.

पूर्वी जपानातल्या आमच्या मिनाबे गावात या बाबतीत फार ढिलाई होती. रस्त्याच्या कडेला एक फळी लावायची, तिच्यावर खारवलेल्या उमेच्या (आमच्याकडचं जर्दाळूएवढं आंबट फळ) पिशव्या मांडायच्या, शेजारी झाकणाला भोक पाडलेला डबा ठेवायचा आणि आपण बागेत निघून जायचं. येणारा पिशवी उचलायचा, डब्यात नाणी टाकायचा आणि जायचा. विकणारा कोण हे त्याला माहीत नसे, घेणारा कोण हे आम्हाला. आमची फळी अशी एकतीस वर्षं चालली. त्या काळातली आकडेवारी (आधार: स्वयंपाकघरातली जुनी कॅलेंडरं) पुढीलप्रमाणे आहे. चोरीला गेलेल्या पिशव्या तीन. त्यांपैकी नंतर पैसे आणून टाकलेल्या दोन. डब्यात जास्त नाणी निघाल्याचे प्रसंग अकरा. गिऱ्हाइकं विसरून गेलेल्या छत्र्या सहा. कुणीतरी आपणहून ठेवून गेलेले मुळे, एक जुडी. एवढ्या असुरक्षिततेत आम्ही नवराबायको रोज शांत झोपत होतो हे आठवलं की आता अंगावर काटा येतो.

नऊ वर्षांपूर्वी फुसाएने, म्हणजे माझ्या बायकोने, हा धोका ओळखून ऑनलाइन दुकान काढलं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. लिहायचं तर आधी ओळख पटवावी लागेल. खातं फुसाएच्या नावावर होतं आणि तेच रास्त होतं. आमच्या घरात कामाची वाटणी सोपी होती. फळ झाडावर असेपर्यंत माझं. पिकून खालच्या निळ्या जाळीत पडलं की तिचं. मीठ लावणं, शिसोची लाल पानं चोळणं, जुलैच्या कडक उन्हात तीन दिवस वाळवणं, बरण्या, चिठ्ठ्या, गिऱ्हाइकं, गिऱ्हाइकांच्या तक्रारी, हे सगळं जाळीच्या पलीकडचं. मी पलीकडे कधी गेलो नाही. (कुणी अडवलं नव्हतं.)

नऊ वर्षांत दुकानाने पाचपैकी ४.९ तारे मिळवले. उरलेला ०.१ सेन्दाईच्या एका गृहस्थांनी कापला होता. त्यांचा अभिप्राय असा: 'खारवलेलं फळ खारट निघालं.' फुसाए हे वाक्य दर नववर्षाला पाहुण्यांना म्हणून दाखवायची, हसायची, आणि पाहुणे गेल्यावर तारे पुन्हा एकदा बघून यायची.

तीन ऑक्टोबरला ती गेली. दुकान चालू राहिलं.

हे कसं, असं कुणी विचारील. व्यवस्थाच तितकी चांगली होती. गिऱ्हाईक बटण दाबतं. कुरिअरच्या यंत्रातून पत्त्याची चिठ्ठी निघते. दुपारी चारला निशिदे नावाचा कुरिअरवाला (वय चाळीस, दोन मुलींचा बाप, पायातले बूट न काढता दारातूनच बोलणारा) ती चिठ्ठी घेऊन येतो. फळीवरची एक बरणी खोक्यात जाते, खोकं गाडीत जातं. या सगळ्यात दुकानाच्या मालकाने जिवंत असण्याची गरज कुठेच लागत नाही. इतकी सुटसुटीत पद्धत मी आमच्या नगरपालिकेतही पाहिलेली नाही.

एक नोव्हेंबरला मी बरण्या मोजल्या. सव्वीस होत्या. या सव्वीस तिने शेवटच्या खारवलेल्या. पुढच्या वर्षी मीही मीठ लावीन, वाळवीन, जमेल तसं करीन, पण ते माझे होतील. या सव्वीस संपल्या की संपल्या. माझी मागणी मोठी नव्हती. त्यातली एक घरात राहावी.

मग देऊच नकोस की निशिदेला, असं म्हणणाऱ्याला कंपनीचे नियम माहीत नाहीत. मागणी आल्यापासून तीन दिवसांत माल गेला नाही तर दुकानाचे तारे कापले जातात. नऊ वर्षांचे तारे, तिच्या नावावरचे. बरणी ठेवावी तर तारा जातो, तारा ठेवावा तर बरणी जाते. यावर उपाय एकच होता. खात्याच्या आत 'विश्रांती' नावाचं हिरवं बटण आहे. ते दाबलं की दुकान बंद होतं, तारे जागच्या जागी राहतात. ऑगस्टमध्ये तिला इस्पितळात ठेवलं तेव्हा तिने माझ्यासमोर ते दाबलं होतं, आणि घरी आल्यावर पुन्हा उघडलं होतं. म्हणजे मला फक्त आत जाऊन एक बटण दाबायचं होतं.

नेमक्या त्याच आठवड्यात कंपनीने सुरक्षा वाढवली. 'आपल्या मनःशांतीसाठी' असं पत्रात पहिल्याच ओळीत म्हटलं होतं. मला मनःशांतीची गरज होतीच, त्यामुळे मी पत्र पूर्ण वाचलं. दुकानात शिरण्याआधी आता पुढील पायऱ्या चढायच्या होत्या.

पहिली पायरी, पासवर्ड. तो तांदळाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता. गावातल्या सर्व बायकांचे पासवर्ड तिथेच असतात.

दुसरी पायरी, खातेदाराच्या फोनवर येणारा सहा आकडी क्रमांक. फुसाएचा फोन मी रोज चार्ज करत होतो. (का, ते या लेखाच्या कक्षेबाहेर आहे.) तो उघडता येत नाही, पण आलेला क्रमांक बंद फोनच्या काचेवरही दिसतो. सुरक्षेतली ही फट मी अजून कंपनीला कळवलेली नाही.

तिसरी पायरी, खातेदाराचा चेहरा.

इथे मी मदत केंद्राला फोन केला. तोगावा नावाच्या बाई बोलल्या. आवाज फार गोड होता.

"कुसुमोतोसाहेब, नियमाप्रमाणे मला खातेदारांशीच बोलावं लागेल. त्यांना देता का फोन?"

"ती वारली."

"अरेरे. ऐकून फार वाईट वाटलं." मग तीन सेकंद शांतता. (ठरवून दिलेली असावी, दुसऱ्या फोनच्या वेळीही तीनच होती.) "मग त्या केव्हा उपलब्ध होतील?"

मी विचार करून खरं ते सांगितलं. "ऑगस्टमध्ये येईल. तेरा ते सोळा."

पलीकडून बटणं वाजली. "ऑगस्टमध्ये तेरा ते सोळा आमचं केंद्र बंद असतं, साहेब. ओबोनची सुट्टी." (गेलेली माणसं चार दिवस घरी येतात, तो आमचा सण.)

"तुमच्याकडेही कुणी येत असेल ना त्या दिवसांत."

"हो, आजी येते. तिला बसून यायला काकडीचा घोडा मीच करते." मग बाईंना आपण कामावर असल्याचं आठवलं. "दुसरी एखादी तारीख?"

"दुसरी नाही. खातेदार वारला तर काय करायचं, त्याची काही सोय असेल ना तुमच्याकडे?"

"आहे ना! अगदी सोपं आहे. खात्यात जायचं. 'माझी माहिती' उघडायची. एकदम तळाला 'खातेदाराचा मृत्यू' असं लिहिलेलं आहे, तिथे खूण करायची."

"खात्यात जायचं कुणी?"

"खातेदारानेच."

"ती वारल्यावर?"

"साहेब, बाकी कुणालाही ते करू दिलं तर कुणीही उठेल आणि कुणालाही मारून टाकील."

हे मला पटलं. माणसाच्या मरणाबद्दल त्याच्या स्वतःइतका अधिकार कुणाला असणार? मी तसं म्हणालो. बाईंना बरं वाटलं असावं, कारण त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "आत न जाता भरता येईल असा एकच अर्ज आहे आमच्याकडे. तपशिलात बदल. त्यांचा पत्ता, नाव, असं काही बदललंय का अलीकडे?"

"नाव बदललं आहे."

"मग भरा की! तो अर्ज आमची माणसं स्वतः बघतात असं म्हणतात."

नाव खरंच बदललं होतं. माणूस गेला की मठातले गुरुजी त्याला नवं नाव देतात आणि पुढचे सगळे व्यवहार त्याच नावाने होतात, हे आमच्याकडे सर्वांनाच लागू आहे. फुसाएचं नवं नाव 'कोओबाइ म्योओबो शिन्न्यो'. त्यात उमेच्या फुलाचा सुगंध आहे, तिच्या जुन्या नावातलं एक अक्षर आहे, आणि शेवटी श्रद्धाळू बाई असा अर्थ आहे. गुरुजींनी समजावून सांगितलं तेव्हा मी मान हलवली. मला ती फुसाएच वाटते.

अर्ज मी अक्षरशः खरा भरला. जुनं नाव: कुसुमोतो फुसाए. नवं नाव: वरीलप्रमाणे. बदल तात्पुरता की कायमचा: कायमचा. बदलाचं कारण: विवाह, घटस्फोट, दत्तक, इतर. मी 'इतर'वर खूण केली. नाव देणाऱ्या संस्थेचा शिक्का असलेला कागद जोडा, असं होतं; मठाचा शिक्का जोडला. आमच्या गावात असलं नाव वाचलं की पाचवीतलं पोरही टोपी काढतं. कुणीतरी हे वाचेल, त्याला कळेल, तो फोन करील, असं मला वाटलं. चूक झाली ती इथे. मी धरून चाललो होतो की कुणीतरी वाचेल.

अकरा मिनिटांत उत्तर आलं. 'नव्या नावाबद्दल हार्दिक अभिनंदन! आयुष्याच्या नव्या टप्प्यासाठी आमच्या शुभेच्छा.'

दुसऱ्या दिवशी चारला निशिदे आला. हातात चिठ्ठी होती. त्याने ती वाचली, खोकं खाली ठेवलं आणि दारातच हात जोडले.

"काका, पाठवणाऱ्याच्या जागी काकूंचं ते नाव आहे. वरचं."

"बदलून घेतलं."

"असं घेता येतं?"

"अकरा मिनिटांत."

"माझ्या बापाचं पेन्शनचं नाव दुरुस्त व्हायला दोन वर्षं लागली," निशिदे म्हणाला. मग यंत्रात बघून, "इथे लिहिलंय, माल घ्यायला येण्याची सोयीची वेळ, 'कधीही'. बरोबरच आहे म्हणा."

खोकं गेलं. त्यानंतर जे झालं त्यात कुणाचाही दोष नाही. शहरातल्या गिऱ्हाइकांनी ते नाव पाहिलं. शहरात माणसं कमी मरतात की काय कोण जाणे, पण त्यांना ते नाव मेलेल्या बाईचं न वाटता संन्यास घेतलेल्या बाईचं वाटलं. तीन दिवसांत पहिला अभिप्राय आला. (अभिप्राय वाचायला ओळख लागत नाही.) 'डोंगरातल्या मठात एका संन्यासिनीने मौन पाळून खारवलेले उमे. तोंडात घालताच मन स्थिर झालं. पाच तारे.' दुसऱ्याने लिहिलं, 'मातांनी स्वतःच्या हाताने बांधलेली गाठ सोडवत नव्हती.' गाठ निशिदेची होती. एका बाईने तर मातांचा पुढचा सत्संग कुठे आहे असं विचारलं. आणि एके सकाळी सेन्दाईचे ते गृहस्थ परत आले. त्यांनी आपला जुना अभिप्राय खोडून लिहिलं, 'आता या खारटपणात खोली जाणवते.'

कापलेला ०.१ परत मिळाला. दुकान पाच तारे झालं. नऊ वर्षं खपून जे फुसाएला जमलं नाही ते तिने मरून महिन्याभरात केलं. मला सांगायला कुणी नव्हतं म्हणून मी तिच्या फोटोला सांगितलं.

पण आधी दोन दिवसांत एक जायची ती बरणी आता दिवसाला चार जाऊ लागली. तेरा नोव्हेंबरला फळीवर अकरा उरल्या होत्या. दर सातव्या दिवशी सूत्रपठणाला येणारे गुरुजी चहा पिता पिता म्हणाले, "नाव चांगलं चाललंय म्हणे." मी म्हटलं, हो, फारच.

आता चेहऱ्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी टॅब्लेट उचलला आणि आधी प्रामाणिकपणे स्वतःचा चेहरा दाखवला. उत्तर आलं, 'साम्य ६१ टक्के. अपुरे.' एक्केचाळीस वर्षांच्या संसारानंतर एकसष्ट टक्के. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, कमी नाही, आमच्याकडे पुष्कळ जोडपी चाळिशीतच अडकतात.

मग मी देव्हाऱ्यासमोर बसून टॅब्लेट तिच्या फोटोसमोर धरला. फोटो उन्हाळ्यातला आहे. वाळवणाच्या सुपांपाशी उभी असताना काढलेला. स्टुडिओवाल्याने गळ्यातला टॉवेल पुसून काळा किमोनो घातला आणि मागची सुपं काढून आकाश टाकलं. यंत्राला तो फार आवडला. 'साम्य ९८ टक्के. प्रकाश उत्तम. पार्श्वभूमी स्वच्छ. मान सरळ.' जिवंत माणसाला एवढे गुण पडल्याचं मी ऐकलेलं नाही. गावातल्या शिमादा आजोबांना तीन वेळा 'चेहरा आढळला नाही' असं आलं होतं, आणि ते स्वतः समोर बसले होते.

त्यानंतर अक्षरं आली: 'खातेदाराने डोळे मिचकावावेत.'

आम्ही वाट पाहिली. वीस सेकंदांची मुदत होती.

मी पुन्हा तोगावाबाईंना फोन केला.

"डोळे मिचकावत नाही," मी म्हणालो.

"त्यांना जरा सांगून बघा, साहेब. पुष्कळ जण पहिल्यांदा बावरतात."

"सांगून पाहिलं."

"हळू सांगा. घाई केली की माणूस ताठतं."

मी हळू सांगून पाहिलं. ताठरपणात फरक पडला नाही. बाईंनी मग चौथी पायरी उघडून दिली. ज्यांचे डोळे, मान वा तोंड काही कारणाने हलत नाही अशा खातेदारांसाठी ही सोय आहे. खातं उघडताना खातेदाराने दोन गुप्त प्रश्नांची उत्तरं देऊन ठेवलेली असतात. ती बरोबर सांगितली की दार उघडतं. दिवसाला पाच संधी.

"हे प्रश्न असे निवडलेले असतात," बाई म्हणाल्या, "की परक्याला उत्तर येणार नाही आणि घरच्याला चुकणार नाही."

मी म्हणालो, "मग झालंच काम."

पहिला प्रश्न: पहिल्या शाळेतल्या शिक्षकांचं नाव. हे मला यायचंच. त्या माणसाने तिला डावखुरी म्हणून बोटांवर पट्टी मारली होती आणि एक्केचाळीस वर्षं दर हिवाळ्यात बोटं दुखली की त्याचा उद्धार व्हायचा. नाव लिहिलं, हिरवी खूण आली.

दुसरा प्रश्न: तुमचा सर्वांत आवडता खाद्यपदार्थ.

मी हसलो. मग लिहिलं: भाजलेला उनागी. लग्नाच्या दर वाढदिवसाला आम्ही तानाबेला उनागी मासा खायला जात होतो, चाळीस वेळा गेलो. (दर वेळी ती आपला अर्धा तुकडा माझ्या ताटात सरकवायची. मला वाटायचं, पोट लहान आहे.)

चूक.

ट्युना. चूक. नवा भात. चूक. सोबाच्या शेवया, गार, वर किसलेला मुळा घालून. चूक. शेवटी, खारवलेले उमे. तेही चूक. ज्या बाईने नऊ वर्षं देशभर उमे विकले तिला ते आवडत नव्हते, हे कंपनीच्या दप्तरी पहिल्या दिवसापासून नोंदलेलं होतं आणि कंपनीने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. याला म्हणतात गोपनीयता.

त्या दिवशी बरण्या नऊ.

दुसऱ्या दिवशी मांसाची सुकियाकी. चुलीवर भाजलेला तांदळाचा मोची. दाट मिसोचं सूप. मॅकरेल, आंबवलेला. पिकलेलं पर्सिमॉन फळ. एकामागून एक पाच चुका. तोगावाबाईंना फोन केला.

"मला इशारा देता येत नाही, साहेब."

"मी मागत नाही."

"पण एक सांगते. जरा स्वस्तातलं काहीतरी आठवा."

"हा इशारा नाही का?"

"नाही. हे मी घरी आईला सांगितलं, ती म्हणाली तसं."

त्या दिवशी बरण्या सहा.

तिसऱ्या दिवशी मी दुपारीच दाराच्या पायरीवर टॅब्लेट घेऊन बसलो. पाच संधी जपून वापरायच्या ठरवल्या होत्या, त्यामुळे एकही वापरली नव्हती. सकाळी दुसरा कुरिअरवाला येऊन तीन घेऊन गेला होता. तीन उरल्या होत्या. चारला निशिदेची गाडी थांबली.

"काका, आज दोन आहेत."

"थांब जरा. परीक्षेला बसलोय."

"कसली?"

"काकूंना खायला सगळ्यात काय आवडायचं?"

"पिझ्झा-मान," निशिदे म्हणाला आणि खोकी जुळवायला बसला.

"काय?"

"पिझ्झा-मान हो. वाफवलेला पाव. आत टोमॅटो आणि चीज. चौकातल्या दुकानात काउंटरवर गरम पेटीत असतो बघा, नारिंगी." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "मी आणायचो की रोज. दोन. एक त्यांचा, एक माझा. इथेच बसायचो, तुम्ही बसलाय तिथे."

"रोज?"

"सहा-सात वर्षं झाली असतील. उन्हाळ्यात ते ठेवत नाहीत. मग काकू मलाच बोलायच्या, तुझ्या कंपनीला सांग म्हणून. माझ्या कंपनीचा काय संबंध!"

"मला कधी दिसला नाही."

"तुम्ही बागेत असायचात. शिवाय तुम्हाला चीजचा वास खपत नाही ना. खाऊन झालं की काकू हात धुवायच्या, दार उघडं ठेवायच्या, हिवाळ्यातसुद्धा पंखा लावायच्या." त्याने खोक्याची चिकटपट्टी बाजूला ठेवली. "काका, हे सांगायचं नव्हतं का?"

मला दर हिवाळ्यात चारनंतर घर गार का लागायचं हे त्या वेळी कळलं. मी खिडक्यांना दोनदा पट्ट्या बसवून घेतल्या होत्या.

मी लिहिलं: पिझ्झा-मान.

हिरवी खूण आली. कुरिअरवाल्याला जे विचारल्याबरोबर येतं ते नवऱ्याला दहा प्रयत्नांत आलं नाही; परक्याला येणार नाही आणि घरच्याला चुकणार नाही, ही कंपनीची कसोटी किती काटेकोर आहे ते यावरून दिसेल. परका कोण हे तिने बरोबर ओळखलं होतं.

दार उघडलं. 'पुन्हा स्वागत, कोओबाइ म्योओबो शिन्न्यो! बऱ्याच दिवसांनी आलात. आम्ही तुमची वाट पाहत होतो.' मी थोडा वेळ तिथेच थांबलो. मग विश्रांतीचं बटण शोधलं. ते हिरवं नव्हतं, राखाडी होतं. दाबलं तरी दबेना. खाली कारण दिलं होतं: 'शिल्लक माल शून्य. दुकान आपोआप बंद झाले आहे.'

निशिदेने दोन बरण्या भरल्या होत्या. मी फळीकडे पाहिलं. एक उभी होती.

मालाच्या नोंदीत, गिऱ्हाइकांना दिसत नाही अशा रकान्यात, फुसाएने ऑगस्टमध्ये लिहून ठेवलं होतं: 'एक कमी लिहिली आहे. घरची.' मी मागची वर्षं उघडली. नऊही वर्षं तेच. एक कमी, घरची. ती बरणी दर हिवाळ्यात मीच संपवत आलो होतो. ती कुठून येते हे मी विचारलं नव्हतं.

म्हणजे मी काहीही केलं नसतं, नाव बदललं नसतं, फोटोला डोळे मिचकवायला सांगितलं नसतं, तरीही एक बरणी घरात राहिलीच असती. फक्त मला ते बाहेरून दिसलं नसतं. आतली माहिती आत गेल्याशिवाय दिसू नये, हाच तर सुरक्षेचा हेतू आहे.

बाहेर पडण्याआधी 'माझी माहिती'च्या तळाशी गेलो. बाईंनी सांगितल्याप्रमाणे ते होतं. खूण केली. प्रश्न आला: 'आपला मृत्यू झाला आहे हे नक्की का? होय / नाही.' दीड महिन्यात पुष्कळ कचेऱ्यांत पुष्कळ कागदांवर सह्या केल्या, पण दुसरा पर्याय मला कुणी दिला नव्हता. मी 'नाही' दाबलं आणि बाहेर आलो.

दुकान आता बंद आहे, पाच तारे आहेत, बरणी फळीवर आहे. निशिदे काही न्यायचं नसलं तरी चारला थांबतो, नारिंगी पाव दोन आणतो. मी एक खाल्ला. मला आवडला नाही. रोज खातो.

या अनुभवावरून मी कंपनीला एक सूचना पाठवली आहे. ही चौथी पायरी फक्त दुकानांपुरती ठेवू नये; प्रत्येक घराच्या दाराला बसवावी. संध्याकाळी माणूस घरी आला की बाहेरच उभं करून एवढा एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तर बरोबर आलं तरच कडी निघावी. कंपनीचं उत्तर आलं: सूचना चांगली आहे, पण एवढ्या लोकांची रात्रीची बाहेर झोपण्याची सोय करणं शक्य नाही.

तेव्हा तोवर तुमचं तुम्हीच करून बघा. तुमच्या घरचं माणूस आत्ता आत स्वयंपाकघरात असेल, किंवा शेजारच्या खोलीत. आत जाऊन विचारायचं नाही; मला ती मुभा नव्हती. कागद घ्या, त्या माणसाचा सर्वांत आवडता पदार्थ लिहा. संधी पाच. फक्त स्वतःला आवडतं ते लिहू नका. ते मी दहा वेळा लिहून पाहिलं आहे. चूक येतं.